अहमदाबादच्या हवेल्या आणि न्यूयॉर्कचे दिवाणखाने

न्यूयॉर्क शहरातील ग्रीनिच व्हिलेज या जुन्या वस्तीत, ईस्ट टेन्थ स्ट्रीटवर, सात क्रमांकाचे एक घर आहे. आजूबाजूच्या घरांच्या विटांच्या भिंती साध्या आहेत. या एका घराच्या दर्शनी भागावर मात्र सागवानी लाकडाचा कोरीव झरोका रस्त्याच्या दिशेने पुढे आलेला दिसतो. त्यावरील वेलबुट्टी, फुलांच्या पट्ट्या आणि खालचे आधार अहमदाबादच्या पोळेत वावरलेल्या माणसास पाहताक्षणी ओळखीचे वाटावेत असे आहेत. आणि ते खरेच तसे आहे. १८८७ साली उभ्या राहिलेल्या या घरातील कोरीव लाकूड अहमदाबादेत घडले आणि जहाजाने अमेरिकेस गेले. तेथील बर्फ, पाऊस आणि धूर सोसून ते सव्वाशेहून अधिक वर्षे टिकले आहे. सध्या ही वास्तू न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वापरात आहे. ज्या कारखान्याने असे काम घडविले, त्याच्या उभारणीत अहमदाबादच्या एका नामांकित जैन घराण्याचा हात होता, ही गोष्ट आपल्या समाजातही फारशी कोणास ठाऊक नाही.

हे घर बांधणारे गृहस्थ म्हणजे लॉकवूड डी फॉरेस्ट. त्यांचा जन्म १८५० साली न्यूयॉर्कच्या एका सधन कुटुंबात झाला. त्यांचा मूळ पिंड निसर्गचित्रकाराचा. फ्रेडरिक चर्च या ख्यातनाम चित्रकाराचे मार्गदर्शन त्यांना लाभले होते. चर्च यांनी हडसन नदीच्या काठी, एका टेकडीवर, पौर्वात्य वास्तूंच्या धर्तीवर ‘ओलाना’ नावाचे घर बांधले होते. त्या घरातील ग्रंथसंग्रहात पूर्वेकडील इमारतींच्या नक्षीची पुस्तके चाळताना तरुण डी फॉरेस्ट यांचे मन चित्रांकडून घरांच्या अंतर्भागाकडे वळले, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे इजिप्त आणि सीरिया या देशांचा प्रवास झाला. १८७९च्या सुमारास लुई कम्फर्ट टिफनी, सॅम्युअल कोलमन आणि वस्त्रकलेच्या जाणकार कँडेस व्हीलर यांच्यासमवेत त्यांनी गृहसजावटीच्या व्यवसायात भागी केली. अमेरिकेत त्या काळी रेल्वे, पोलाद आणि बँकांच्या व्यवहारातून अमाप संपत्ती निर्माण झाली होती, आणि नवश्रीमंतांस आपली घरे इतरांहून वेगळी दिसावीत अशी हौस होती. ‘वेगळे’ ते आणावयाचे कोठून, हा सजावटकारांपुढील प्रश्न होता.

१८८० साली डी फॉरेस्ट यांचा मेटा केम्बल यांच्याशी विवाह झाला आणि हे दांपत्य हिंदुस्थानच्या प्रवासास निघाले. विवाहानंतरच्या सहलीचे निमित्त होते खरे. परंतु डोळे व्यापाऱ्याचे होते. १८८१ साली ते अहमदाबादेत पोहोचले. तोपर्यंत युरोपीय अभ्यासकांनी हिंदुस्थानातील मंदिरे, मशिदी व किल्ले यांवर पुष्कळ लिहिले होते. माणसे ज्यांत राहतात त्या घरांकडे मात्र त्यांनी क्वचितच लक्ष दिले होते. डी फॉरेस्ट यांची नजर नेमकी तेथे गेली.

त्यांनी काय पाहिले असेल, याची कल्पना आजही पोळेत फिरून करता येते. अहमदाबादची हवेली रुंदीला बेताची आणि लांबीला खोल असते. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी जोडलेल्या, त्यामुळे खिडक्यांस वाव केवळ समोर व मागे. म्हणून घराच्या मध्यभागी उघडा चौक ठेवलेला असतो. उजेड आणि वारा तेथून घरभर फिरतो. चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके. रस्त्यास लागून ओटा, आत परसाळ, त्यापलीकडे ओरडो, वर मेडी. सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा उभारून त्यात वीटकाम भरलेले. हे लाकूड भार पेलते, म्हणूनच त्यावर नक्षी येते. खांबाच्या माथ्यावर, तुळईच्या तोंडाशी, छज्जाखालच्या तिरकस आधारावर, दाराच्या चौकटीवर. जेथे जेथे दोन लाकडांचा सांधा येतो तेथे सुताराने हंस, हत्ती, पानवेल, कमळ अथवा वाद्य वाजविणारी स्त्री कोरली. सपाट भिंत त्याने मोकळीच सोडली. या संयमात त्या कलेचे अर्धे रहस्य आहे, आणि पुढे अमेरिकेत नेमका तोच संयम पुष्कळदा सुटला.

या शहरात हठीसिंग घराण्याचा लौकिक मोठा होता. शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी दिल्ली दरवाज्याबाहेर पंधरावे तीर्थंकर श्री धर्मनाथ भगवान यांचे भव्य जिनालय बांधावयास घेतले. ते पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. त्यांच्या धर्मपत्नी हरकुंवर शेठाणी यांनी खंबीरपणे काम तडीस नेले आणि १८४८ साली ते जिनालय पूर्ण झाले. शिल्पी प्रेमचंद सलाट यांच्या देखरेखीखाली झालेल्या या बांधकामास त्या काळचे सुमारे दहा लाख रुपये लागल्याचे सांगतात. शेठाणींच्या नावाने ओळखली जाणारी कोरीव लाकडाची हवेली जुन्या शहरात आहे. याच घराण्यातील मगनभाई हठीसिंग यांच्याशी डी फॉरेस्ट यांची गाठ पडली आणि दोघांच्या सहकार्याने लाकडी कोरीवकामाचा कारखाना सुरू झाला. इंग्रजीत तो ‘अहमदाबाद वूड कार्व्हिंग कंपनी’ या नावाने ओळखला गेला.

त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १८६१ साली रणछोडलाल छोटालाल यांची कापड गिरणी अहमदाबादेत चालू झाली होती आणि शहराचा पैसा हळूहळू गिरण्यांकडे वळत होता. धनिकांच्या मनात विलायती धाटणीच्या बंगल्यांची आवड रुजू लागली होती. पिढ्यान्‌पिढ्या हवेल्या आणि देरासरे कोरणाऱ्या मिस्त्रींच्या हातांना पूर्वीसारखे काम उरले नव्हते. अशा वेळी समुद्रापलीकडून नियमित मागणी येणे ही त्यांच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती. डी फॉरेस्ट यांचे विशेष हे की, त्यांनी न्यूयॉर्कहून नकाशे पाठवून ‘याबरहुकूम करा’ असा हुकूम सोडला नाही. मिस्त्रींनी आपल्या परंपरेतील, शहरातील जुन्या कामांवरील नमुने घ्यावेत आणि त्यांतून फळ्या, चौकटी, कमानी व आसने घडवावीत, अशी पद्धत ठेवली. लाकडाच्या जोडीने पितळेच्या पत्र्यावर छिद्रे पाडून केलेली जाळीही तयार होऊ लागली. हा पत्रा अमेरिकेत भिंतीस, छतास आणि फर्निचरास लावला जाई.

१८८५ साली डी फॉरेस्ट यांनी हिंदुस्थानातील घरगुती वास्तुकलेवर छायाचित्रांचे एक पुस्तक बॉस्टन येथून प्रसिद्ध केले. १९१२ साली हिंदी कारागिरांच्या रेषापद्धतीवर आधारित आकृत्यांचे दुसरे पुस्तक निघाले. घर पाहणे, त्याचे चित्र घेणे, नक्षीतील रेषेचे गणित समजून घेणे आणि त्यावरून नवे काम घडविणे, असा त्यांच्या अभ्यासाचा क्रम दिसतो. लाहोर येथील मेयो कलाशाळेचे प्रमुख जॉन लॉकवूड किपलिंग यांच्याशी त्यांचा स्नेह याच प्रवासात जडला. हे किपलिंग त्याआधी दहा वर्षे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटवरील शिल्पपट्ट्या ही त्यांच्याच हातची खूण. पुढे किपलिंग आणि त्यांचे शिष्य भाई राम सिंग यांनी इंग्लंडमधील ऑसबर्न हाऊस या राणी व्हिक्टोरियाच्या निवासात हिंदी धर्तीचे दरबार दालन सजविले. त्या कामास १८९०च्या सुमारास प्रारंभ झाला. हिंदी वास्तूंवरून दूरदेशीचे दिवाणखाने सजविण्याची ही लाट होती, आणि अहमदाबादचा कारखाना तिच्या अग्रभागी होता.

कारखान्याचा माल कोणकोणाच्या घरी गेला, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी न्यूयॉर्कमध्ये बांधलेल्या प्रासादात कुटुंबाचे खासगी ग्रंथालय डी फॉरेस्ट यांनी १९०२च्या सुमारास सजविले. हे सागवानी दालन कूपर ह्युइट या कलासंग्रहालयाचा भाग म्हणून आजही जागेवरच आहे. हा प्रासाद १९७६ साली संग्रहालय म्हणून खुला झाला. डी फॉरेस्ट यांच्या कामांपैकी मूळ जागी इतक्या पूर्णपणे उरलेले दुसरे दालन नाही. दार, शेकोटीची चौकट, कपाटे यांवर अहमदाबादी कोरीवकाम आणि वर भिंतीला जाळीची आठवण करून देणारी रंगीत नक्षी, अशी त्याची रचना आहे. ब्रिन मॉर येथील महिला महाविद्यालयाच्या प्रमुखांचे निवासस्थानही त्यांनी असेच सजविले होते. ती वास्तू १९६८ साली नव्या ग्रंथालयासाठी पाडण्यात आली. जुने घर पाडून नवे बांधण्याची घाई केवळ आपल्याकडेच आहे असे नाही.

१९०८च्या सुमारास डी फॉरेस्ट यांनी हा व्यवसाय टिफनींच्या संस्थेकडे सोपविला. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे चित्रे काढण्यात घालविली आणि १९३२ साली त्यांचे निधन झाले.

येथपर्यंतची हकीकत अभिमानाची आहे. परंतु या गोष्टीस दुसरी बाजू आहे, आणि जैन वाचकाने ती विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे.

उत्तर गुजरातेतील पाटण नगरीत श्री वाडी पार्श्वनाथ भगवानांचे जिनालय विक्रम संवत १६५१-५२च्या सुमारास, म्हणजे इ. स. १५९४ ते १५९६च्या दरम्यान, बादशाह अकबराच्या काळात उभे राहिले. त्यातील शिलालेखात खरतरगच्छाची पट्टावली कोरलेली असून इतिहासाच्या अभ्यासकांना तो फार मोलाचा वाटतो. या जिनालयाचा मंडप सागवानी लाकडाचा होता. वर घुमटाकार छत, त्यात एकात एक वर्तुळे, वर्तुळांतून पुढे झुकलेल्या नर्तकी व वादक, भोवती दिक्पाल, गवाक्षे आणि कोरीव पट्ट्या. एके काळी हे सर्व काम रंगविलेले होते; लाकडावर त्या रंगांचे अवशेष अजूनही सापडतात. हा संपूर्ण लाकडी मंडपभाग आज पाटणला नाही. तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. लॉकवूड डी फॉरेस्ट आणि त्यांचे बंधू रॉबर्ट यांनी १९१६ साली तो संग्रहालयास भेट दिला. रॉबर्ट डी फॉरेस्ट हे त्या वेळी त्याच संग्रहालयाचे अध्यक्ष होते.

संग्रहालयाने हे काम उत्तम रीतीने जतन केले आहे, यात शंका नाही. जगभरातील लक्षावधी लोक ते पाहतात. जैन कारागिरीची आणि श्रावकांच्या भक्तीची थोरवी त्यांना कळते. पाटणला ते राहिले असते तर वाळवीने, पावसाने अथवा आगीने त्याचे काय झाले असते, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. तरीही ज्या मंडपात श्रावक-श्राविका बसून पूजा-स्तवन करीत, त्याच्या छताखाली आज प्रवेशिका घेतलेले प्रवासी उभे असतात, ही वस्तुस्थिती मनास चटका लावते. डी फॉरेस्ट यांस एकट्यास दोष देणे मात्र न्यायाचे होणार नाही. गुजरातेत अनेक ठिकाणी लाकडी मंडप काढून संगमरवरी मंडप उभारण्यात आले. नवे संगमरवरी काम देखणे व टिकाऊ असते, आणि दात्यांचा भाव शुद्धच असतो. पण उतरविलेले लाकूड ‘जुने’ म्हणून कोपऱ्यात पडते आणि मग घेणारा दारात येतो. देणारे हात तयार असल्यावाचून घेणारे हात पुढे येत नाहीत.

कापडाच्या पेढीवर ‘नमुना’ आणि ‘तागा’ यांतील भेद लहान मुलासही समजतो. नमुन्याचा तुकडा गिऱ्हाईकाने नेला तर मागणी येते, विणकरास काम मिळते आणि नमुना पुन्हा पेढीवर असतोच. शेवटचा तागाच उचलून नेला तर रक्कम एकदाच मिळते. डी फॉरेस्ट यांनी अहमदाबादेत नमुने नेले. शहरातील मूळ कामे जागी राहिली आणि मिस्त्रींच्या हातास कित्येक वर्षे काम मिळाले. पाटणचा तागाच गेला.

गांधीनगरजवळील पेथापूर गावचे उदाहरणही येथे देण्यासारखे आहे. तेथील कारागीर छापील कापडाचे लाकडी ठसे कोरतात. सयामच्या बाजारपेठेसाठी गुजरातेत छापल्या जाणाऱ्या ‘सौदागिरी’ कापडाचे ठसे पेथापूरलाच घडत. सागाच्या ठोकळ्यावर उलटी कोरलेली वेल आणि हवेलीच्या तुळईवर सुलटी कोरलेली वेल, दोन्ही एकाच परंपरेच्या. भिंतीवरची नक्षी अशा रीतीने वस्त्रावर उतरली, वस्त्रावरची भिंतीवर गेली. त्यासाठी कोणाच्या घराची तुळई काढावी लागली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात जतनाचे काही चांगले प्रयत्न झाले. १९४९ साली साराभाई परिवाराने अहमदाबादेत कॅलिको वस्त्रसंग्रहालय स्थापन केले. १९८३ साली ते शाहीबागेतील ‘रिट्रीट’ या साराभाईंच्या वास्तूत हलविले गेले, आणि तेथे मोडीत निघालेल्या हवेल्यांचे कोरीव दर्शनी भाग पुन्हा उभारण्यात आले. आपल्या पुण्यातही दिनकर केळकर यांनी जुन्या वाड्यांचे दरवाजे, कोरीव खांब, दिवे असा संसार गोळा केला. १९७५ साली तो संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनास अर्पण केला. अहमदाबाद महानगरपालिकेच्या पुढाकाराने १९ नोव्हेंबर १९९७ पासून जुन्या शहरातून पायी दर्शनफेरी सुरू झाली. ती काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघून पोळांतून जामा मशिदीपर्यंत जाते. वाटेत कवी दलपतराम यांच्या घराचा चौक लागतो. मूळ घर गेलेले असून त्याच्या दर्शनी भागाची पुनर्रचना करून तेथे कवींचा पुतळा बसविलेला आहे. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा मान दिला. हा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात नव्या वस्तीतील काही बहुमजली इमारती कोसळल्या, तर लाकडी सांगाड्याची पोळेतील बहुतेक घरे तग धरून राहिली, हेही नमूद केले पाहिजे.

अलीकडे नवे घर बांधणारी अथवा सदनिका सजविणारी मंडळी इंटिरिअर डिझायनरसह हवेल्या पाहावयास जातात. ही प्रथा स्वागतार्ह आहे. मात्र पुष्कळांची नजर झुंबर आणि कोरीव दरवाजा यांवरच खिळते. चौकातील उजेड दुपारी कोठपर्यंत पोहोचतो, ओटा रस्त्यापासून किती उंच आहे, परसाळीत बसलेल्या माणसास दारातील पाहुणा दिसतो पण ओरडा दिसत नाही ही आडोशाची युक्ती कशी साधली, पाणियारा कोठे ठेवला आहे, पाखरांसाठी चबुतरा कोठे आहे, हे पाहणाऱ्यास खरा लाभ होतो. हाजा पटेलच्या पोळेतील श्री शांतिनाथ जिनालयासारख्या ठिकाणी तर कोरीव लाकूड आजही दर्शनार्थींच्या नित्य वहिवाटीत आहे. तेथे अर्धा तास शांतपणे बसले तरी पुष्कळ कळते. आणखी एक गोष्ट. काळेभोर, रंगहीन लाकूड म्हणजेच प्राचीन, अशी समजूत बाजारात पसरली आहे, आणि त्यापायी कित्येक जुन्या चौकटींचे रंग खरवडून काढले जातात. पाटणच्या मंडपावरील रंगाचे अवशेष पाहिले म्हणजे ही समजूत किती चुकीची आहे ते कळते.

माप घ्यावे, मालकाच्या अनुमतीने छायाचित्र घ्यावे आणि त्यावरून जिवंत कारागिराकडून नवे काम करून घ्यावे, हा मार्ग खर्चिक वाटला तरी सरळ आहे. याउलट जुन्या बाजारातून एखाद्या हवेलीचा तिरकस आधार विकत आणून तो सदनिकेच्या भिंतीवर खिळ्याने ठोकणे म्हणजे भार पेलणाऱ्यास बिनकामाचे लटकविणे होय. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगीरीत्या परदेशी पाठविण्यास १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाने बंदी आहे. १९१६ साली असा निर्बंध नव्हता. देशातल्या देशात मात्र खरेदी-विक्री चालूच आहे.

नव्या मंदिराहून जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे आपल्या परंपरेत सांगितले जाते. गृहदेरासरांच्या बाबतीत तर हा विषय अगदी दारात येऊन ठेपला आहे. कुटुंब जुन्या घरातून सदनिकेत जाते, विधिपूर्वक प्रतिमाजी संघाच्या जिनालयात पधरविल्या जातात आणि मागे रिकामे, कोरीव, सागवानी देरासर उरते. ते कोठे जाते, याची नोंद बहुधा कोणाकडेच नसते. उतरविण्यापूर्वी त्याची मापे आणि छायाचित्रे घेणे, कोणत्या घरातून ते निघाले आणि कोणाकडे सोपविले हे लिहून ठेवणे, यासाठी विश्वस्त मंडळास एक वही आणि एक जबाबदार कार्यकर्ता पुरेसा आहे. नोंदीचे काम लाकूड उतरविण्याच्या आदल्या दिवशीच झाले पाहिजे. नंतर ते होत नाही.